मोटर बंद केली होती ना?

मंडळी, आज माझा जनुकांचा रिपोर्ट आला. डॉक्टर म्हणाले, "मेथिलेशन नावाच्या शरीरातल्या एका रासायनिक प्रक्रियेच्या जनुकात थोडा फरक दिसतो. त्यानं मेंदूतल्या रसायनांवर परिणाम होऊन घबराट वाढू शकते, वाढेलच असं नाही. हा फरक आईवडिलांकडून येतो."

घरी सांगितलं तर आई म्हणाली, "माझ्याकडं नको पाहू."

दापोऱ्याच्या आमच्या केळीच्या बागेतली पाण्याची मोटर बंद केली का, ते बघायला आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, परत गाडी काढली.

"आबा, आत्ताच पाहून आले ना?"

"पाहिलं. पण हात लावून नाही पाहिलं."

मलाही राहवेना. मागं बसले. दोघांनी हात लावून पाहिलं. बंदच होती.

अर्ध्या रस्त्यात मीच विचारलं, "आबा, नीट पाहिलं ना?"

त्यांनी गाडी वळवली.

तुमच्या घरी हे कोणाकडून आलंय?