शोभनाकाकूंचा मासा आणि रेणूची मस्कादे

टेक्ससमधल्या शुगर लँड गावच्या शोभनाकाकूंशी कुणी वाकडं घेऊ नये. वेंगुर्ल्याची बाई ती, बोलायला गोड, पण मनात धरलं की धरलं! त्यांचे यजमान विष्णूकाका तेलकंपनीतून रिटायर झाले, तरी लग्नात त्यांच्या मावशीने मारलेला टोमणा काकूंना अजून शब्दन्‌शब्द पाठ आहे. अशा बाईचा मासा रेणूने गॅरेजमध्ये ठेवला.

झालं असं, की गेल्या उन्हाळ्यात रेणूने घरी वाईनपार्टी केली. पोरगी पुण्याची, नोकरी झकास, आणि नुकताच वाईनचा कसलासा कोर्स करून आलेली. प्रत्येकाने एक पदार्थ आणायचा, हा तिथल्या मराठी मंडळींचा रिवाज. काकूंनी सकाळीच बंदरावर जाऊन ताजा रेड स्नॅपर आणला, कोकमाचं आगळ आणि हळद लावून, रव्यात घोळवून तळला आणि आईच्या स्टीलच्या डब्यात भरला. डब्यावर आईचं नाव कोरलेलं. आई जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

रेणूने झाकण उघडलं आणि नाक दाबलं.

"ओह गॉड, काकू! आज मस्कादे आहे, फ्रेंच व्हाइट वाईन. तिच्याबरोबर चीज चालतं. हा वास सगळं किल करेल, यार!"

आणि डबा गेला थेट गॅरेजमध्ये, चपलांच्या रॅकवर. दोघं-चौघं हसलेसुद्धा. काकूंची कानशिलं तापली, पण काका डोळ्यांनी विनवत होते म्हणून त्यांनी बशीत चीज वाढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी रेणू डबा परत द्यायला आली. कुणाचं भांडं रिकामं परत करू नये, निदान चिमूटभर साखर तरी घालावी, हे आपल्यात शेंबड्या पोरालाही कळतं. हिने डबा भरलेलाच परत केला. टेक्ससच्या उकाड्यात रात्रभर कुजलेला तोच मासा!

"सॉरी काकू, राहूनच गेलं."

काकूंनी चिंच लावून डबा घासला. घासता घासता रडल्या. मग डोळे पुसून काकांना म्हणाल्या, "हिला चारचौघांत मासा मागायला लावला नाही, तर नावाची शोभना नाही!"

स्वतः काकू थेंबालाही शिवत नाहीत. तरी वाईनच्या दुकानात गेल्या आणि ही मस्कादे म्हणजे आहे तरी काय, ते विचारलं. समुद्राजवळची वाईन, दुकानदार म्हणाला. तिकडचे लोक ती कालवं आणि मासळीबरोबरच पितात.

"म्हणजे मासळीचीच वाईन की हो ही!" काकूंच्या अंगाचा तिळपापड झाला. "आणि त्या दीडशहाणीने मासळीलाच घराबाहेर काढलं!"

वर्षभर त्यांनी दम धरला. यंदा उन्हाळा तापला तशी त्याच सगळ्यांना जेवायला बोलावलं. रेणू चीज टार्ट घेऊन आली, काचेच्या झाकणाच्या सुंदर भांड्यात. "अगं, कशाला एवढं!" म्हणत काकूंनी ते हसून घेतलं आणि गॅरेजमध्ये नेऊन ठेवलं.

टेबलावर रवा लावलेली कालवं, लिंबाच्या फोडी, गारेगार मस्कादे आणि आईच्या डब्यात तळलेला स्नॅपर. मंडळी तुटून पडली. रेणूची मैत्रीण रुही घोट घेऊन म्हणाली, "काय भारी जातंय हे! रेणू, तू आम्हाला नुसतं चीज का गं खायला घातलंस?"

काकू डबा घेऊन सगळ्यांना वाढत होत्या. रेणूपाशी आल्या आणि त्यांनी झाकण लावलं. "तुला वास सोसत नाही ना, राजा. तू कोशिंबीर घे हो."

रेणूने थोडा वेळ काकडी चिवडली. मग हळूच म्हणाली, "काकू, मला पण."

"काय गं? ऐकू नाही आलं."

"मासा द्या ना, काकू. प्लीज." सगळे तिच्याकडे बघत होते.

काकूंनी हात सैल सोडून वाढलं. रेणूने काटासुद्धा चोखून खाल्ला. पाहुणे गेल्यावर काकांनी सुस्कारा सोडला. "झालं ना समाधान?"

"अर्धं," काकू म्हणाल्या.

सकाळी त्या रेणूच्या दारात उभ्या राहिल्या आणि तिचं भांडं तिच्या हातात दिलं. रेणूने झाकण उघडलं आणि नाक दाबलं. रात्रभर गॅरेजमध्ये टार्ट आंबून पाणी पाणी झालं होतं, आणि त्यावर मूठभर साखर.

"सॉरी गं, राहूनच गेलं," काकू म्हणाल्या. "पण साखर मी विसरले नाही."