तिसऱ्यांदा वाजणारी कडी

मावशींची कडी वाजवायची एक पद्धत होती. दाराची लोखंडी कडी एकदा आपटायची, थांबायचं, पुन्हा आपटायची, पुन्हा थांबायचं. तिसऱ्यांदा वाजली की मगच आतून "आले, आले" असा आवाज यायचा. घाटकोपरच्या त्या बैठ्या चाळीत बहुतेक बिऱ्हाडं कोकणातली. पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, हे त्यांच्या हाडीमासी भिनलेलं. भूत एकदा हाक मारतं, फार तर दोनदा. तिसरी हाक माणसाचीच. म्हणून दुपारी बायकांना वर्गाला बोलवायला निघाल्या की मावशी प्रत्येक दारावर तीनदा कडी वाजवायच्या.

मी हसायचे. साठचं दशक सरत आलं होतं, मी विशी-पंचविशीतली. सकाळी शाळेत शिकवायचे आणि दुपारी महिला मंडळाच्या साक्षरता वर्गात. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नव्हता आणि तसं ठणकावून सांगायची हौसही दांडगी होती. मावशी मंडळाच्या जुन्या सभासद. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. चाळिशी उलटल्यावर त्या वाचायला शिकल्या आणि त्याचा त्यांना इतका आनंद झाला की चाळीतली एकही बाई त्यांच्या तावडीतून सुटायची नाही. सुटली होती ती फक्त भिंतीपलीकडची शेजारीण. मावशी रोज तिची कडी वाजवायच्या आणि ती रोज आत तोंड मिटून बसायची. "घरात आहे मेली, बांगड्याचा वास येतोय," असं पुटपुटत मावशी पुढच्या दाराकडे वळायच्या.

मावशी गेल्या एका रविवारी, घरात एकट्या असताना. नंतर कळलं की त्यांनी आपली खोली मंडळाला ठेवली होती. नवऱ्याने बांधलेली, मालकीची खोली. अट एकच: तिथे वर्ग भरला पाहिजे. वर्ग बंद पडला तर खोली मुलुंडच्या पुतण्याची. आम्हाला देवच पावला म्हणायचा, कारण ज्या देवळाच्या ओसरीवर आम्ही बसायचो तिथे नुकतंच जाळीचं दार बसलं होतं. ही खोली हातची गेली असती तर वर्गाला दुसरी जागा नव्हती.

खोलीला चुना लावला, फळा ठोकला, सतरंजी अंथरली. बायका काही येईनात.

"तिथेच तिने प्राण सोडला ना, बाई," नळावर एकीने मला सांगितलं. "तिच्या खाटेच्या जागी पाटी घेऊन बसू?"

"मग तिने खोली दिली कशाला? तुमच्या पोरांना गोट्या खेळायला?"

"तुमचं काय जातंय? तुम्ही संध्याकाळी घरी जाता. आम्हाला इथेच राहायचंय ना."

ते खरंच होतं. मंडळाच्या चिटणिसांनी सत्यनारायण घातला, तर सगळी चाळ दाराबाहेर उभी राहून प्रसाद घेऊन गेली.

मग मी रोज दुपारी त्या खोलीत एकटीच बसू लागले. दारोदार जाऊन कड्या वाजवणं मला कमीपणाचं वाटायचं. ज्यांना गरज आहे त्या येतील, असा माझा ताठा. भीती वाटली नाही. मावशींची आठवण मात्र फार यायची आणि त्या मोकळ्या सतरंजीकडे बघून रडू यायचं. शनिवारी पुतण्या दारात येऊन उभा राहायचा. वाईट माणूस नव्हता, त्यालाही जागेची अडचण होतीच. "रिकामीच आहे की हो," एवढंच म्हणून जायचा.

एका दुपारी शेजारीण आत आली. डोळे तारवटलेले. मावशींची खाट असायची नेमक्या त्याच जागी बसली आणि भिंतीकडे बघत म्हणाली, "इलंय गो बाय. इलंय. आता तरी गप रव."

मी काही विचारायच्या आतच तिने मला विचारलं, "बाई, रविवारी वर्ग असतो काय हो?"

"नसतो."

"मला ठाऊक नव्हतं." ती पुन्हा भिंतीकडे वळली. "त्या रविवारी तिने माझी कडी वाजवली. तीनदा वाजवली, वर आणखी एकदा. मला वाटलं, वर्गाचंच असेल. मी उठले नाही. ती कडी अजून रात्रभर वाजते माझ्या कानात."

मी तिच्या हातात पाटी दिली.

दुसऱ्या दिवसापासून ती चाळीतल्या कड्या वाजवत फिरू लागली. एक-दोघी आल्या, दाराजवळ अंग चोरून बसल्या. तेवढ्यात तिला लेकीच्या बाळंतपणाला गोवंडीला जावं लागलं आणि खोली पुन्हा ओस पडली. चिटणिसांनी पुतण्याला शब्द देऊन टाकला: येत्या शनिवारीही वर्ग भरला नाही तर किल्ली तुमची.

शनिवारी मी फळ्याकडे तोंड करून बसले होते. मनातून हरले होते. मागे बांगड्या वाजल्या. वळून बघितलं तर एक बाई पाटी घेऊन आत येत होती. मग दुसरी. मग बायका येतच राहिल्या, सतरंजी भरली, खाटेची जागासुद्धा.

"किती जोरात वाजवता हो, बाई," एकजण हसत म्हणाली. "दार मोडाल."

"तुम्हीच होता ना?" दुसरीने विचारलं. सगळ्या माझ्याकडे बघू लागल्या.

मी त्या दिवशी एकाही दाराला हात लावला नव्हता. पण 'नाही' म्हटलं असतं तर खोली तिथल्या तिथे रिकामी झाली असती, आणि पुतण्या गल्लीच्या तोंडाशी आलाच होता.

"हो, मीच," मी म्हणाले. आणि फळ्यावर पहिलं अक्षर काढलं. पुतण्या आला, भरलेली खोली बघून निघून गेला. तो पुन्हा आला नाही.

शेजारीण गोवंडीहून परतली ती थेट माझ्याकडे. "समोरची सांगत होती, शनिवारी माझीपण कडी वाजली. तीनदा. दाराला कुलूप होतं तरी."

"सवयीने वाजवली असेल मी."

"बाई, तुम्हाला खोटं बोलता येत नाही," ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावून रडू लागली. "अजून बोलावते मला. रागावली नाही गो ती माझ्यावर."

त्या खोलीत पुढे कितीतरी वर्षं वर्ग भरला. मी मात्र तिथे पुन्हा कधी एकटी बसले नाही.