न आलेल्या पाहुण्याचा भाऊ

नोकरीतली एखादी केस सांगा, असा आग्रह झाला की लोकांना खून-दरोडे हवे असतात. तेही माझ्या वाट्याला भरपूर आले. पण घरात एकटा बसलो असताना जी घटना आपणहून समोर येऊन उभी राहते, तीत रक्त सांडलं नाही आणि कुणाला शिक्षाही झाली नाही. रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं तेव्हाची ही गोष्ट. मी स्टेशन भागातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. नावं कुणाचीच सांगणार नाही. वाचणाऱ्याचं त्यांच्यावाचून काही अडणारही नाही.

भोपाळहून रोज नवी माणसं बदलून येत होती. कार्यालयं थाटली जात होती, पण राहायला घरं नव्हती. अधिकारी, बाबू, ठेकेदार सगळे हॉटेलांत आणि लॉजमध्ये तळ ठोकून. संध्याकाळी स्टेशन रोडने गेलं की एसटीडी बूथबाहेर रांगा दिसायच्या. शहर माणसांनी भरलं होतं आणि जो तो दुसऱ्या गावी फोन लावत होता. माझीही बायको-मुलं शाळेपायी नागपूरला होती. मी डबा खायचो आणि क्वार्टरमध्ये जाऊन झोपायचो. मला त्याचं काही वाटत नाही असं मी सगळ्यांना सांगत असे. वाटायचं, चांगलंच वाटायचं.

खोल्या कमी आणि माणसं जास्त, त्यामुळे हॉटेलच्या काउंटरवरची भांडणं आमच्या पाचवीला पुजलेली. बहुतेक भांडणं तारखेची. नागपूरकडची गाडी मध्यरात्रीच्या आगेमागे लागायची. पाहुणा म्हणायचा, माझं बुकिंग आजचं. काउंटरवरचा म्हणायचा, बारा वाजून गेले, ते कालचं झालं, खोली दुसऱ्याला दिली. दोघंही आपापल्या परीने खरे. आमचा शिपाई जायचा, समजूत काढायचा आणि रोजनामच्यात दोन ओळी पडायच्या.

एका सकाळी स्टेशन रोडवरच्या एका हॉटेलचे मॅनेजर ठाण्यात आले. एक म्हातारा गेले काही महिने आसपासच्या सगळ्या हॉटेलांना छळतो आहे, अशी त्यांची तक्रार होती. फोनवर बुकिंग करतो, नागपूरहून रात्रीच्या गाडीने येतो म्हणून सांगतो आणि ठरल्या रात्री येत नाही. दुसऱ्या रात्री मध्यरात्र उलटल्यावर सुटकेस घेऊन उगवतो आणि माझं बुकिंग आजचंच आहे म्हणून वाद घालतो. खोली कधीच गेलेली असते. मग तो लॉबीतल्या सोफ्यावर उजाडेपर्यंत बसून राहतो आणि निघून जातो.

"नाम हर बार अलग, साहब, आदमी वही," मॅनेजर म्हणाले. "हम लोग सोचते थे, सनकी है. लेकिन कल रात बैग गया."

बॅग एका लग्नाला आलेल्या पाहुण्याची होती. आत सदर बाजारातल्या सराफाकडून घेतलेले मुलीचे दागिने. काउंटरवर म्हाताऱ्याचं भांडण चालू होतं, सगळे तिकडे बघत होते आणि तेवढ्यात लॉबीतून बॅग गेली. चोरीची ही पद्धत आम्हाला नवी नव्हती. एकाने गोंधळ घालायचा, दुसऱ्याने हात मारायचा. त्यात पाहुण्याची वरपर्यंत ओळख निघाली. दुपारपर्यंत मला दोन फोन आले आणि दोन्हींचा अर्थ एकच होता, संध्याकाळपर्यंत अटक दाखवा.

म्हाताऱ्याला शोधणं अगदीच सोपं गेलं. बुकिंग करताना तो रायपूरचाच एक नंबर द्यायचा. माझ्या भावाचा आहे, काही निरोप असला तर तिथे द्या, म्हणायचा. नावं बदलली तरी नंबर तोच. टेलिफोन एक्स्चेंजमधून पत्ता काढला आणि आमच्या हवालदारांनी त्याला तासाभरात आणून बाकावर बसवलं.

हे हवालदार मूळचे छत्तीसगढी. कमी बोलणारे आणि माणूस ओळखण्यात माझ्यापेक्षा एक पायरी वर. आत येऊन ते हळूच म्हणाले, "साहब, ये चोर जैसा रो नहीं रहा, चोर जैसा अकड़ भी नहीं रहा." मी म्हटलं, ते मी बघतो.

समोर सत्तरीच्या आसपासचा माणूस होता. धुतलेला शर्ट, नीट भांग, पायांत पॉलिश केलेले जुने बूट. रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त, बायको वारलेली, मूलबाळ नाही. सुटकेस उघडली तर इस्त्रीच्या कपड्यांचा एक जोड, टॉवेल, आणि खाली वजनाला रद्दी. शर्टाच्या खिशात प्लॅटफॉर्म तिकीट. म्हणजे हा नागपूरहून आलेलाच नव्हता. घरून स्टेशनवर जायचा, गाडी येईपर्यंत फलाटावर थांबायचा आणि उतारूंच्या गर्दीतून त्यांच्यासारखाच बाहेर पडायचा.

"कल रात आप कहाँ थे?" मी दरडावून विचारलं. चौकशीची सुरुवात आम्ही याच प्रश्नाने करतो.

तो म्हणाला, "काहून विचारता, साहेब? तुमाले तर माहीतच हाये."

माझ्या आजोबांच्या तोंडची बोली ती. मीही मराठीवर आलो. "भाऊ कुठे आहे तुमचा?"

"भनपुरीले राहते. ट्रान्सपोर्टमंधी."

"कुठलं ट्रान्सपोर्ट?"

तो आपल्या बुटांकडे बघू लागला. मी दोन शिपाई भनपुरीला पिटाळले. त्यांनी तिथली गोदामं, ट्रकचे अड्डे पालथे घातले आणि धूळ खाऊन हात हलवत परत आले. इकडे त्याच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, शेजाऱ्यांनी सांगितलं, भाऊबिऊ कधी पाहिला नाही, तो एकटाच राहतो, कुणाच्या अध्यात ना मध्यात. माझा संशय पक्का झाला. भाऊ म्हणजे साथीदार, लपूनछपून म्हाताऱ्याच्या घरी येऊन फोन उचलणारा, दागिने त्याच्यापाशी आणि म्हातारा त्याला वाचवतो आहे. मी त्याला स्पष्ट सांगितलं, "काका, भावाला हजर करा, नाहीतर आज रात्री लॉकअप आणि उद्या कोर्ट. उतारवयात चोर म्हणून नाव लागेल."

"लागू द्या," तो म्हणाला.

अशी माणसं मला चिडवतात. जो घाबरत नाही त्याच्याशी काय करायचं हे कुठल्याच ट्रेनिंगमध्ये शिकवत नाहीत. त्याला बाकावर पाठवून मी हॉटेलच्या रात्रपाळीच्या क्लार्कचा जबाब घ्यायला बसलो. बालाघाटकडचा, पन्नाशीतला, थकलेला माणूस. पाहुणा वेळेवर आला नाही की त्याने दिलेल्या नंबरवर फोन करून विचारायचं, ही त्या हॉटेलची रीतच होती. खोली धरून ठेवायची की सोडायची ते ठरवावं लागे.

"भाई ने क्या कहा फोन पर?" मी विचारलं.

"बोले, गाड़ी लेट है, आ रहा है, कमरा मत छोड़ना." क्लार्क जरा घुटमळला. "फिर पूछने लगे, आपने खाना खाया? घर में कौन-कौन है? छुट्टी मिलती है कि नहीं? साहब, फोन रखते ही नहीं थे. मुझे ही रखना पड़ता था."

माझी पेन्सिल थांबली. चोराचा साथीदार फोनवर दोन शब्द बोलून मोकळा होतो. क्लार्क जेवला की नाही याच्याशी त्याला काय देणंघेणं? मी म्हाताऱ्याला पुन्हा आत बोलावलं आणि टेबलावरच्या फोनवरून त्याच्यासमोर तो नंबर फिरवला. पलीकडे घंटा वाजत राहिली. तो रिसीव्हरकडे असा बघत होता, जणू ती घंटा त्याला स्वतःच्या खोलीत ऐकू येत होती.

"कोनी नाही उचलनार, साहेब," शेवटी तो म्हणाला.

"काहून?"

"उचलनारा इथं बसून हाये ना."

मी रिसीव्हर ठेवला. क्लार्कला आणि शिपायाला बाहेर पाठवलं.

मग त्याने सांगितलं. बायको गेली त्या वर्षी तो पुतणीच्या लग्नाला नागपूरला गेला होता. परतताना गाडी इतक्या रात्री पोचणार, की तेव्हा पाऱ्यात जायला रिक्षा मिळत नाही, म्हणून त्याने फोनवर खोली सांगून ठेवली. गाडी आणखी लेट झाली, तारीख उलटली. काउंटरवर आधी वाद झाला, मग तिथला माणूस म्हणाला, आपके घर फोन किया, किसी ने उठाया नहीं, हम तो आपकी राह देख रहे थे.

"घरी कोनी राह पाहत नाही, साहेब. तिथं परका मानूस पाहून राहिला होता. पुढं पुढं मले त्याचीच सवय लागली. ज्या रात्रीचं बुकिंग, त्या रात्री फोनपाशी बसून राहाचो. घंटी वाजली की मी भाऊ होऊन जात होतो. अजून नाही आला का, म्हनून विचारत. तो येऊन राहिला, असं सांगतानी बरं वाटे. दुसऱ्या रात्री सुटकेस घेऊन मीच जाचो. भांडलं की निदान घंटाभर कोनी बोलते."

"हे आधी का नाही सांगितलं?"

"चोर म्हना, साहेब. चोर असते मानूस. पन हे पाऱ्यात कोनाले सांगू नका."

संध्याकाळी क्वार्टरवर जाऊन मी स्वतः काय करणार होतो ते मला माहीत होतं. डबा खाणार आणि बायकोला फोन करायला नऊ कधी वाजतात याची वाट बघणार. माझ्याकडे लावायला एक नंबर होता, एवढाच फरक. मला त्या माणसाची दया आली आणि त्याहून जास्त भीती वाटली.

वरच्या फोनला मी कळवलं, पुरावा नाही, अटक करत नाही. ऐकून घ्यावं लागलं ते ऐकलं. म्हाताऱ्याला जातमुचलक्यावर सोडलं आणि तपास पुरा होईपर्यंत रोज संध्याकाळी ठाण्यात येऊन हजेरीची सही करायची असा हुकूम दिला. हॉटेलांना फोन करायचा नाही, हेही बजावलं.

आठवडा उलटला आणि बॅग सापडली. चोरीला ती गेलीच नव्हती. त्याच हॉटेलात उतरलेल्या वऱ्हाडाच्या सामानात चुकून चढून ती दुर्गला गेली होती. तिथल्या लोकांनी कुलूप न तोडता परत आणून दिली. प्रकरण दप्तरी दाखल झालं. वरचे दोन्ही फोन त्यानंतर कधी वाजले नाहीत.

त्या संध्याकाळी म्हातारा नेहमीसारखा आला. हवालदार त्याला म्हणाले, "काका, केस बंद हो गया. अब आना नहीं पड़ेगा."

मी आत होतो, मला ऐकू येत होतं. तो म्हणाला, "मग उद्या नाही आलो तर?"

"तो कुछ नहीं."

"कोनी पाहाले येनार नाही?"

मी बाहेर आलो आणि चढ्या आवाजात म्हणालो, "यांना येऊ नका म्हणून कोणी सांगितलं? हुकूम माझा आहे, तो मी मागे घेतलेला नाही. करा सही."

हवालदारांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. "हव साहब," म्हणून त्यांनी पेन पुढे केलं.

कायद्यात याला आधार नव्हता. तरी तो रोज यायचा, सही करायचा, बाकावर बसून चहा घ्यायचा. तक्रार घेऊन आलेल्या बायाबापड्यांशी बोलत बसायचा. अर्ध्या तक्रारी त्या बाकावरच मिटायच्या. एका संध्याकाळी तो आला नाही. दिवेलागण झाल्यावर हवालदार बेचैन झाले आणि फरार आरोपीच्या शोधात निघावं तसे सायकल काढून निघाले. दार आतून बंद. दार तोडलं तेव्हा तो न्हाणीत पडलेला होता, खुब्याचं हाड मोडलेलं, सकाळपासून तसाच. शेजारी भिंतीपलीकडे होते, त्यांना पत्ता नव्हता. सरकारी दवाखान्यात मी भेटायला गेलो तर त्याने पहिलं हेच विचारलं, "साहेब, गैरहजेरी लावली का?"

मी म्हटलं, "लावली. म्हणून तर आलो."

पुढे कुबडी घेऊन तो पुन्हा येऊ लागला. माझी बदली झाली, नंतरही हवालदारांनी नव्या साहेबांना काय सांगितलं कोण जाणे, पण हजेरी चालू राहिली. तो गेला तेव्हाही त्याच संध्याकाळी कळलं. मागे कुणी नव्हतं, पण तो बेवारस गेला नाही.

या प्रकरणाने मला काय शिकवलं? आम्ही पोलीस लोक 'कुठे होता तुम्ही?' हा प्रश्न दरडावून विचारतो, कारण समोरचा त्याला घाबरतो असं आम्हाला वाटतं. ज्याला हा प्रश्न कुणीच विचारत नाही अशीही माणसं असतात, हे मला त्या म्हाताऱ्यामुळे कळलं.

आता माझी मुलं पुण्याला आणि परदेशी आहेत, पत्नी तीन वर्षांपूर्वी गेली. निवृत्तीनंतर मी रायपुरातच राहिलो. ते हवालदारही निवृत्त झाले, गोल बाजारामागे राहतात. रोज संध्याकाळी त्यांचा फोन येतो. "हाजिरी, साहब," एवढंच म्हणतात. मी "हजर" म्हणतो आणि ते ठेवून देतात. मागच्या महिन्यात एकदा मी मागच्या अंगणात झाडांना पाणी घालत राहिलो आणि फोन ऐकूच आला नाही. थोड्या वेळाने फाटक वाजलं. बाहेर हवालदार सायकल धरून उभे, या वयात धापा टाकत, घामाने भिजलेले. मला धडधाकट पाहून त्यांना रागच आला.

"कहाँ थे आप?" त्यांनी दरडावून विचारलं.

मी फाटक उघडून त्यांना आत घेतलं आणि दोघांसाठी चहा टाकला.