टॅब तोडलेली कॅसेट

आमच्या घरी पाहुणा आला की आधी पाणी, मग चहा, आणि चहा संपायच्या आत व्याख्यान. त्यातून सुटका नाही. जावई पहिल्यांदा आला तेव्हा बिचारा नोकरी, पगार, आईवडील अशी सगळी उत्तरं पाठ करून आला होता. ह्यांनी विचारलं, "गाणी कशावर ऐकता?" तो म्हणाला, "फोनवर." झालं. पुढचा पाऊण तास त्याला ह्यांच्या कपाटासमोर उभं राहावं लागलं. चहा गार झाला तो मीच पुन्हा तापवून दिला.

हे म्हणजे माझे यजमान. अडतीस वर्षं चष्म्याच्या दुकानात काम केलं. पुढे काउंटरवर नव्हे, मागच्या खोलीत, काचा घासायला. पाण्याची धार, चाकाची घरघर, आणि हे पाठ वाकवून काच दिव्यासमोर धरून बघताहेत. केसाएवढा ओरखडा असला तरी ह्यांना दिसायचा. तीच नजर घरी. जुनी रेकॉर्ड घ्यायची तर डोळ्याला भिंग लावून तिची रेघ न् रेघ तपासणार, तोवर दुकानदार दोन गिऱ्हाइकं करून मोकळा व्हायचा. घरी आणली की दुकानातल्याच मऊ फडक्यानं पुसणार. आमची मुलगी लहान असताना तिचं नाक इतक्या प्रेमानं कधी पुसलं नाही.

चारशे रेकॉर्डी आणि अकराशे कॅसेटी. प्रत्येकीवर मोत्यासारख्या अक्षरात तारीख. सगळं लोखंडी कपाटात, कपाटाला कुलूप आणि किल्ली ह्यांच्या चष्म्याच्या डबीत. व्याख्यान ठरलेलं. "डाउनलोड म्हणजे उसनवारी. जे हातात धरता येत नाही ते आपलं नाही. उद्या कुणी कुठे तरी बटण दाबलं की तुमची गाणी गेली. माझी कोण नेणार?" मग एक कॅसेट काढून तिच्या वरच्या कडेचा प्लास्टिकचा इवलासा तुकडा दाखवणार. "याला टॅब म्हणतात. हा तोडला की संपलं, मशीनचं रेकॉर्डिंगचं बटण दाबलंच जात नाही. ब्रह्मदेव आला तरी यावरचं पुसू शकत नाही." आणि मग आवाज खाली आणून, "काही नतद्रष्ट लोक त्या भोकावर चिकटपट्टी लावतात. मशीन फसतं, पुन्हा वर भरता येतं. पण तो अधर्म झाला."

हे मी शेकडो वेळा ऐकलंय. झोपेत विचारलंत तरी म्हणून दाखवीन.

आता माझं सांगते. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. तेव्हा बाहेरगावी फोन लावायचा तर आमच्यामार्फत लावावा लागे. अख्खं गाव मला आवाजानं ओळखायचं, तोंड कुणी पाहिलेलं नसायचं. भाजीच्या दुकानात "अर्धा किलो द्या" म्हटलं की बाजूची बाई वळून म्हणायची, "अय्या, तुम्ही त्या फोनवाल्या का?" गातही असे. शिकले नव्हते कुठे, पण आईकडून आलेल्या चार गोष्टी होत्या, आणि कुणी म्हटलं तर आढेवेढे न घेता गायचे. ह्यांनी मला पसंत केलं ते त्यामुळेच, असं सासूबाई सांगायच्या. रंगावर नक्कीच केलं नसणार.

लग्नाला दोन वर्षं झाली आणि माझ्या गळ्याला गाठ आली. थायरॉइडची. ऑपरेशन करावंच लागेल म्हणाले, आणि आवाजाच्या शिरेला धक्का लागू शकतो हेही म्हणाले. मी घाबरून गेले. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी ह्यांनी दुपारी रजा घेतली, दारं-खिडक्या लावल्या, पंखा बंद केला, नवी कॅसेट फोडली आणि मला समोर बसवलं. घाम पुसत पुसत मी तीन गाणी म्हटली. शेवटची माझ्या आईची अंगाई. ती अंगाई इतर कुणाला येत नव्हती आणि आई तर आधीच गेली होती. झाल्यावर ह्यांनी माझ्यादेखत टॅब तोडला. त्या दिवशी हा माणूस मला देवासारखा वाटला, खोटं कशाला बोलू.

ऑपरेशन झालं, जीव वाचला, आवाज गेला. डॉक्टर म्हणाले, सहा महिन्यांत येईल. आला तो हा असा, फाटक्या पिपाणीसारखा. एक्स्चेंजवाल्यांनी मला तक्रारींच्या रजिस्टरवर बसवलं. गाणं तर सोडाच, पुढे मुलगी झाली तेव्हा तिला मी थोपटूनच झोपवलं. तिनं मला गाताना कधी ऐकलं नाही.

पण कॅसेट होती ना. एवढ्यावर मी एकतीस वर्षं काढली. सुरुवातीला ऐकायची हिंमत नव्हती. चार-पाच वर्षांनी हिंमत झाली, तेव्हा हे म्हणाले, "आत्ता नको. फीत कोरडी झालीय, लावली तर तुटेल. असू दे सुरक्षित." ह्यांना यातलं कळतं, मला काय कळणार? मी गप्प बसले. कधी वाईट वाटलं की कपाटाकडे बघायचं. आपला आवाज आत आहे, तिसऱ्या खणात, एवढं पुरायचं.

दोन वर्षांपूर्वी मुलगी एक मशीन घेऊन आली. म्हणाली, "बाबा, यात कॅसेट लावली की गाणं कॉम्प्युटरवर उतरतं. सगळं कपाट माझ्या करंगळीएवढ्या पेनड्राइव्हवर मावेल." ह्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. माझ्या गाण्यांना हात लावायचा नाही, त्यांची उंची जाते, खोली जाते, माझ्या पश्चात काय करायचं ते करा, म्हणाले. मुलगी म्हणाली, "बरं, तुमची राहू द्या. मला फक्त आईची एक हवीय. एकदाच लावू. तुटली तर चिकटवता येते."

आणि इथे मी काय केलं? ह्यांचं वकीलपत्र घेतलं. म्हटलं, "नको गं, बाबा सांगतात ते उगाच नाही. फीत तुटली तर माझ्याकडे काय राहील?" ती रडवेली झाली. म्हणाली, "आई, आत्ता तरी काय आहे तुझ्याकडे?" मी तिला चांगलीच बोलले. बापानं जिवापाड जपलंय आणि तुला कदर नाही, असंसुद्धा म्हणाले. तिनं मशीन पिशवीत घातलं आणि पुन्हा विषय काढला नाही. हे त्या वेळी खुर्चीत बसून फडक्यानं चष्मा पुसत होते.

गेल्या महिन्यात ह्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. जन्म गेला लोकांच्या डोळ्यांवर आणि स्वतःचा डोळा दाखवायला दोन वर्षं टाळाटाळ. डॉक्टरांनी वाकू नका, वजन उचलू नका म्हणून बजावलं होतं. चौथ्या दिवशी सकाळी आतल्या खोलीत पलंगावर पडल्या पडल्या चुळबुळ सुरू झाली. काही तरी लाव म्हणाले. "पहिला खण, डावीकडून सातवी. तेवढीच काढ. बाकी कशाला हात लावू नकोस." आणि चष्म्याच्या डबीतली किल्ली माझ्या हातात दिली. लग्नानंतर पहिल्यांदा.

सातवी काढली. मग तिसऱ्या खणाकडे नजर गेलीच. मी काही संत नाही. माझी कॅसेट अगदी मागे होती. वर माझं नाव, तारीख, तेच मोत्यासारखं अक्षर. म्हटलं, लावायची नाही, नुसती हातात धरू. हातात धरता येतं ते आपलं, असं हेच सांगतात ना. धरली, आणि अंगठा वरच्या कडेवर गेला. टॅब तुटलेला होता, आणि त्या भोकावर चिकटपट्टी. पिवळी पडलेली, कडेला सुटत आलेली.

दुसऱ्या कुठल्या बाईला त्यात काही कळलं नसतं. मला ह्यांनीच शिकवून ठेवलेलं. मी तिथेच फरशीवर बसले.

मग उठून कॅसेट मशीनमध्ये घातली. झाकणाचा आवाज ऐकून ह्यांनी आतून विचारलं, "सातवीच ना?" मी बटण दाबलं.

आधी खरखर. मग ह्यांचा आवाज, तरणाबांड, मऊ. "हं, चालू झालंय. घाबरू नकोस, मी आहे ना." मग खट्. मग रेडिओवरची निवेदिका आणि व्हायोलिन. फीत तुटलीबिटली नाही, अगदी ठणठणीत. शेवटपर्यंत व्हायोलिन, उलटी केली तर त्या बाजूलाही व्हायोलिन. ह्यांची एक पद्धत आहे. फितीची सुरुवात चुरगळलेली असते, म्हणून पहिली चार-पाच सेकंदं सोडून मग भरायचं. माझ्या वेळी गडबडीत अगदी सुरुवातीपासून चालू केलं होतं. व्हायोलिनच्या वेळी पद्धत पाळली. म्हणून ह्यांचं तेवढं वाक्य वाचलं.

मी दारात जाऊन उभी राहिले. हे भिंतीकडे तोंड करून पडले होते.

"कधी?" मी विचारलं.

"तू दवाखान्यातून आलीस त्यानंतर महिनाभरानं. ते वादन परत लागणार नव्हतं. घरात कोरी कॅसेट नव्हती, दुकानं बंद झाली होती. डॉक्टर म्हणाले होते ना, सहा महिन्यांत आवाज येईल. म्हटलं, येईल तेव्हा पुन्हा भरू."

"आणि आला नाही तेव्हा?"

"तेव्हा कसं सांगणार होतो?"

मी म्हटलं, "पुसलंत, ते एक वेळ मी गिळलं असतं. तेव्हा वय काय होतं तुमचं. पण लेकीला मी माझ्या तोंडानं सांगितलं, फीत तुटेल म्हणून. तुम्ही बाजूला बसून चष्मा पुसत होतात." खरं तर माझ्या गळ्यावर सुरी डॉक्टरांनी चालवली, आणि तीही विचारून. ह्यांनी केसानं कापला. उंची, खोली, उसनवारी, ती सगळी व्याख्यानं त्या एका चिकटपट्टीवर पांघरूण घालायला होती, आणि मी चहा देत देत ती ऐकत होते.

ह्यांच्या डोळ्यात औषधाचे थेंब घालायची वेळ झाली होती. ते घातले. मग मुलीला फोन केला आणि मशीन घेऊन ये म्हटलं.

"बाबा हो म्हणाले?" तिनं विचारलं.

"त्यांना विचारलं नाही."

ती संध्याकाळी आली. मी सगळं सांगितलं. ती बापाच्या खोलीत गेली नाही. टेबलावर कॉम्प्युटर मांडला, कॅसेट लावली, ती खरखर आणि ते वाक्य ऐकलं. खट् झाल्याबरोबर तिनं मशीन थांबवलं, माझा हात धरला. मग म्हणाली, "आई, हे काय ठेवायचं? यात तू नाहीसच."

"ठेव," मी म्हटलं. "तेवढं कापून माझ्या फोनवर घाल."

तिनं घातलं. चार सेकंदांची फाइल झाली. कॉम्प्युटरनं नाव विचारलं, तेव्हा तिनं कॅसेटवरचं माझं नाव वाचलं आणि ते टाइप करायला लागली.

"ते नको," मी म्हटलं. "'बाबा' लिही."