वरून प्यायलेला प्याला

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं आणि मी नुकताच ख्रिस्ती मंडळीला जोडला गेलो होतो. वऱ्हाडाच्या नागपूरविषयी शंभर तक्रारी असत. माझी कुणाविषयीच तक्रार नव्हती; मी स्वतःवर भलताच खूश होतो.

आम्ही जातीचे माळी. अमरावतीच्या शिवेवर आमचा मळा, आणि आई बाजारात फुलं नि वांगी घेऊन बसे. मिशनच्या शाळेत मी येशूनं महारोग्याला हात लावल्याची गोष्ट ऐकली आणि ती मनातून जाईचना. घरी मी भावांच्या गर्दीतला एक. कुणाच्या खिजगणतीत नसलेला. ज्याला कुणी शिवत नाही त्याला शिवणारा हा देव आपल्यालाही ओळखील, असं मला मनापासून वाटलं. बाप्तिस्मा घेतला, शेंडी कापली. घरात जे रामायण व्हायचं ते झालं.

अकोल्याला मास्तरकी मिळाली तेव्हा मी पांढरा कोट शिवून घेतला. जातपात मळ्यातच टाकून आलो, आता आपण फक्त ख्रिस्ताचे, असं मी भेटेल त्याला सांगे. कुणी विचारत नसे, तरी सांगे.

तिथल्या चर्चमध्ये बाक नव्हते, सतरंज्या होत्या. प्रभुभोजनाच्या दिवशी मनुका उकळून केलेला रस एका मोठ्या प्याल्यात भरत, आणि तो प्याला ओळीनं हातोहात फिरे. प्रत्येकानं ओठ लावून एक घोट घ्यायचा आणि पुढं द्यायचा. माझ्या शेजारी सरकी काढायच्या जिनात कापसाचे बोजे उचलणारे एक म्हातारेबुवा बसले होते. ते गावकुसाबाहेरच्या वस्तीतले. आमच्या घरात त्यांच्या हातचं पाणी कुणी घेतलं नसतं. ते प्यायले आणि त्यांनी प्याला माझ्या हातात दिला.

माझं मन तयार होतं. खरंच होतं. पण हातांनी माझं काही ऐकून घेतलं नाही. प्याला वर गेला, मान मागं गेली, तोंडाचा आ झाला, आणि तांब्यातून पाणी प्यावं तसा मी रस वरून ओतला. तांब्याची धार नीट पडते. या पसरट प्याल्याची नाकावर पडली, तिथून हनुवटीवर, आणि तिथून नव्या कोटावर.

"अवं माय! मास्तर तं न्हायला!" बायकांच्या बाजूनं कुणीतरी म्हणालं आणि सगळं चर्च हसलं. पाद्रीसाहेबांनी बायबलात डोकं घातलं. म्हातारेबुवा मात्र हसले नाहीत. ते सतरंजीकडं बघत राहिले.

पुढच्या प्रभुभोजनाला माझं पोट दुखलं. त्याच्या पुढच्याला दाढ.

मग सुट्टी लागली आणि मी घरी गेलो. आईनं मला हाकललं नाही, पण अंगणातच थांबवलं. तहान लागली होती. ती तांब्या घेऊन आली आणि हातभर लांब उभी राहिली.

"ओंजय धर."

"तांब्याच दे ना, माय."

"पाणी देऊन राहिली ना तुले? मुकाट्यानं पे."

तिनं तांब्या वाकवला. तिची माया खरी होती आणि ती वरून पडणारी धारही खरी होती. बाह्या भिजल्या, पाणी कोपरांवरून गळलं, आणि मला फार लागलं. परतताना बडनेऱ्याला गाडीत बसल्यापासून मी मनातल्या मनात आईला प्रवचन झोडत होतो. मूर्तिजापूर येईस्तोवर ते माझ्यावरच उलटलं. तिनं निदान जात टाकल्याचा आव तरी आणला नव्हता.

त्यानंतरच्या प्रभुभोजनाला मला काहीही दुखलं नाही. मी मुद्दाम म्हातारेबुवांच्या शेजारी जाऊन बसलो. प्याला आला. ते प्यायले, आणि लगेच पुढं देण्याऐवजी त्यांनी उपरण्याचं टोक घेतलं. उपरणं धुवट होतं, बहुधा त्यासाठीच धुतलेलं. त्यांनी प्याल्याचा काठ सगळीकडून सावकाश पुसला आणि आपली बाजू पलीकडं फिरवून प्याला माझ्यापुढं धरला.

"पुसलं जी म्या, मास्तर," ते हळूच म्हणाले. "आता तुमाले किळस येनार नाई."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डोळे भरून आले. मी प्याला घेतला, परत फिरवला, आणि जिथं त्यांनी ओठ लावले होते तिथंच माझे लावले. एकच घोट घ्यायचा असतो हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण रडत रडत पिणाऱ्याला घोट कळत नाही. मी घटाघटा पीत सुटलो. पाद्रीसाहेब खाकरले, पुढची अख्खी ओळ माना लांब करून बघू लागली, आणि मला थांबता येईना.

शेवटी म्हातारेबुवांनी माझं मनगट धरलं आणि प्याला ओढून घेतला.

"अबे, बस कर ना! बाकीच्यायले ठेव थोडं!"

मास्तर नाही, जी नाही. अकोल्यात तोवर मला इतक्या हक्कानं कुणीच रागावलं नव्हतं.