बिनडिंकाचा चेंडू

"डिंक कशाला लागतोय? कागद कागदाला धरतोय की!" असं म्हणत ती अंगठ्याच्या नखानं घडी दाबायची. नजर कागदावर नसायचीच, समोरच्याच्या तोंडावर असायची. गंमत अशी, की उरवड्याच्या आमच्या खोक्यांच्या कारखान्यात तीच बाई दिवसाचे आठ तास डिंक लावायची.

पेस्टिंगच्या लाईनवर सगळ्या कंत्राटी बायका, बहुतेक भरे गावच्या. त्यांत ती वयानं मोठी, म्हणून सगळ्यांची मावशी. मी ऑफिसात कॉम्प्युटरवर खोक्यांचे आराखडे काढायचो. अजूनही काढतो. जेवणाच्या सुट्टीत भाकरी आटोपली की ती रद्दीतल्या कागदाचे चौकोन करायची आणि एकसारख्या घड्या घालत बसायची. असे तीस तुकडे. प्रत्येकाला दोन टोकं, दोन खिसे. याचं टोक त्याच्या खिशात, त्याचं पुढच्याच्या. दोन-तीन सुट्ट्यांत टोकदार, घट्ट चेंडू तयार.

नातीच्या शाळेत कुणीतरी सहा तुकड्यांचा ठोकळा शिकवला होता, तेवढाच काय तो धडा. पुढचं सगळं हिनं स्वतः शोधलेलं. "पाच तुकड्यांची गाठ घ्या, मंग वळतंय. सहाची घेतली की पडलं सपाट. चादर करा मंग त्याची!" हे मी कॉम्प्युटरवर पडताळायला बसलो आणि माझे दोन दिवस गेले. तिचंच खरं निघालं. तिला सांगितलं तर म्हणाली, "तुमच्या टीव्हीला पाच मोजता येत न्हाईत व्हय, दादा?"

एकदा सुपरवायझरनं वैतागून तिचा चेंडू भिंतीवर फेकला. एकही तुकडा सुटला नाही. "आनि जोरात हाना, सायेब. जेवून आलाय न्हवं?" सगळी लाईन हसली. सुपरवायझरसुद्धा हसला. अशा बायका तुम्हीही पाहिल्या असतील. त्यांच्यापुढं रागावून बसायला जमत नाही.

मग एका मोठ्या गिऱ्हाइकानं बिनडिंकाचं खोकं मागितलं. पंधरा दिवस मी स्क्रीनपुढं डोकं आपटलं. शेवटी एका दुपारी लाईनवर जाऊन तिच्याशेजारी बसलो आणि म्हणालो, "मावशी, ते टोक खिशात कसं अडकतं, जरा सावकाश दाखवा."

तिनं भाकरी तशीच झाकून ठेवली. पुरी सुट्टी मला दाखवण्यात घालवली. माझी घडी वाकडी गेली की हातावर चापटी मारायची. बाकीच्या बायका बघत होत्या. उठताना तिनं विचारलं, "ह्याचं काय करनार, दादा? ह्यानं आमचं काम तर जानार न्हाई ना?"

"छे हो, मावशी."

बिनडिंकाचं खोकं झालं तर डिंक लावणाऱ्या बायका काय करतील, हे मला तेव्हाच कळत होतं. मी खोटं बोललो. कळूनसवरून, तिच्या डोळ्यांत बघून बोललो.

खोकं पसंत पडलं. माझा पगार वाढला, ऑफिसात पेढे वाटले. चार महिन्यांत पेस्टिंगची लाईन बंद झाली. एका शनिवारी बायकांना सांगितलं, सोमवारपासून येऊ नका.

गेटवर गलका झाला. कुणीतरी ओरडलं, "हिनंच शिकीवलं त्या सायबाला! भाकर सोडून शिकीवत व्हती!" मी ऑफिसच्या खिडकीत उभा होतो. तिनं वर बघितलं. माझा शब्द तिनं सांगितला असता तर निम्मा राग माझ्यावर आला असता. ती म्हणाली, "व्हय, म्याच शिकीवलं. मला कळलं न्हाई." मी खिडकीतून मागं सरलो.

पुढं एकदा भऱ्याला तिच्या घरी गेलो. तिनं चहा केला. घरात एकही चेंडू दिसला नाही, आणि विचारायची माझी छाती झाली नाही. "हळदी-कुंकवाला बी कुनी बोलवीत न्हाई आता," ती म्हणाली. "पैशाचं न्हाई म्हनत मी. पन बायका तोंड फिरीवत्यात. एकदा त्यास्नी सांगाल का, तुमी मला काय बोलला व्हता ते? तुमचं ऐकत्याल."

"रविवारी येतो," मी म्हणालो.

एकाही रविवारी गेलो नाही. आधी ऑडिट होतं, मग पाहुणे होते, आणि मग काहीच कारण नव्हतं.

या उन्हाळ्यात ती गेल्याचं कळलं. दहावा झाल्यावर दुपारी गेलो. आळीतल्या बायका आल्या नव्हत्या. तिची मुलगी सासरहून आली होती, मला ओळखत नव्हती. पाणी देताना म्हणाली, "आई दर रविवारी ओट्यावर खुर्ची मांडायची. कंपनीतलं कुनी दादा येनार हायेत, ते बायकांस्नी समदं सांगनार हायेत म्हनायची. तुमीच का ते?"

मी "नाही" म्हणालो.