साताऱ्यात फुकटची सावली

लढाईचे दिवस. पेट्रोलअभावी रहिमतपूरची मोटर बंद होती आणि आक्काचा दिनकर पलटणीत भरती होऊन सोमवारी दुपारी बाराला साताऱ्याहून निघणार होता. आक्का माझी थोरली बहीण, विधवा. दिनकर तिचा एकुलता एक. "जायच्या आधी त्याचं तोंड तरी बघू दे रं," ती म्हणाली. बैलगाडीशिवाय इलाज नव्हता.

माझा बैल एकच. दुसरा शेजारच्या गणपाकडून पैऱ्यावर आणला; त्याच्या कामाला माझा, माझ्या कामाला त्याचा. पैऱ्याचा बैल स्वतःच्या बैलापेक्षा जपायचा असतो. त्याला काही झालं तर गावात तोंड दाखवायची सोय राहत नाही.

रविवारी दुपारी निघालो, कोरेगावात मुक्काम केला. या वाटेने जाणाऱ्यांनी वैरण तिथेच भरून घ्यावी, पुढे सावलीही बेताचीच. माहुलीला कृष्णेवर बैलांना पाणी दाखवलं आणि पोवई नाक्याला पोचलो तेव्हा दहा वाजून गेले होते. भरतीची कचेरी तिथून हाकेच्या अंतरावर.

नाक्याशीच गाडीतळ होता. गाडीला दोन आणे, आणि तळ सगळा उन्हात. आक्कापुढे मी उन्हाचं निमित्त केलं. खरा जीव दोन आण्यांत अडकला होता. सांगलीकडचे एक जैन गूळव्यापारी तिथे गाडी सोडून बसले होते. आमचं बोलणं ऐकून ते म्हणाले, "आवं, हितंच सोडा की. बैलं मी बघतो, तुमी पोराला भेटून या."

"बैल पैऱ्याचा हाय. परक्याच्या हवाली कसा करू?" मी म्हणालो आणि गाडी गावात घातली.

बाजाराचा दिवस होता. मोती चौकात चाक फिरवायला जागा नाही. राजवाड्यापाशी शिपाई अंगावर आला. एका देवळामागे जरा सावली दिसली, तर तिथली म्हातारी ओरडली, "हितं न्हाई, शेण कोण काढणार?" चढाला बैलांच्या तोंडाला फेस आला. आक्का दशम्यांचं गाठोडं पोटाशी धरून बसली होती.

"मी चालत जाऊ का रं पुढं?"

"गर्दीत चुकशील. थांब जरा."

शेवटी गावाच्या पार त्या टोकाला चिंचेखाली फुकटची जागा मिळाली. बैल सोडले, वैरण टाकली, गणपाच्या बैलाची पाठ पुसली. मग आम्ही जवळजवळ पळतच कचेरी गाठली.

"पोरं गेली की," फाटकावरचा शिपाई म्हणाला. "लय वेळ न्हाई झाला."

 परतताना माहुलीला आक्कानं दशम्या बैलांना घातल्या, आधी गणपाच्या. गावात गणपा बैलावरून हात फिरवत म्हणाला, "ताजा हाय गड्या, लय जपलास." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गाडी घेऊन साताऱ्याला जाल तर नाक्यावर मुकाट्यानं दोन आणे टाका. एरवी मी कुणाला शहाणपण शिकवत नाही.

महिन्याने दिनकरचं पत्र आलं. आक्काला वाचता येत नाही, मीच वाचून दाखवलं. "फाटकाकडं बघत हुतो. तू का आली न्हाईस, आई?"

 आक्का म्हणाली, "लिव, आईला ताप आलता. मामाचं काय लिवू नगंस."

तसंच लिहिलं. त्या पत्राला उत्तर आलं नाही.